तीन इंधनांवर चालणारं यंत्र

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वीज गेली आणि सासूबाई खाली जायला लागल्या.

खाली म्हणजे जिना उतरून नव्हे. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झाल्यापासून अडीच महिने त्यांनी जमिनीला पाय लावला नव्हता. त्या हवेच्या गादीवर होत्या. भाड्याने आणलेली गादी. पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला छोटासा पंप तिच्या कप्प्यांत आलटून पालटून हवा भरत राहायचा, म्हणजे अंगाला एकाच जागी दाब बसून जखमा होऊ नयेत. वीज गेली की पंप थांबायचा, गादी एक लांब सुस्कारा टाकायची आणि सासूबाई बोट-बोट करत खालच्या लाकडी फळीकडे निघायच्या.

"जावईबापू," आतल्या खोलीतून शांत आवाज आला, "निघाले मी."

सासूबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. आकांत करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जावई वजनमापे खात्यात निरीक्षक होता. तराजू तपासणं, मापांवर शिक्के मारणं आणि खोटं माप सापडलं की खटला भरणं यात त्याची चोवीस वर्षं गेली होती. बाजारात त्याच्या पाठीमागे त्याला 'मिलिग्रॅम' म्हणत. हे त्याला माहीत होतं, आणि एकंदरीत पटतही होतं.

त्या पहिल्या दिवशी फळीला टेकायला सासूबाईंना बेचाळीस मिनिटं लागली. मिलिग्रॅमने घड्याळ लावून पाहिलं होतं. मग त्याने त्यांना कुशीवर वळवलं. अर्ध्या तासाने दुसऱ्या कुशीवर वळवलं.

"मी काय पुस्तकाचं पान आहे, सारखं उलटायला?" सासूबाई म्हणाल्या.

"लाकडावर आहात, आई. वळवायला हवं."

"ते मला कळतंय. तुमच्यापेक्षा जास्त कळतंय."

रस्त्याखालची जुनी केबल बदलायचं काम निघालं होतं. सगळा रस्ता उकरून ठेवला होता आणि रोज दुपारी एक ते चार-पाचपर्यंत वीज बंद. "पंधराच दिवस," असं विजेच्या कचेरीतला साहेब म्हणाला होता. कोणत्या तारखेपासूनचे पंधरा, हे त्याने सांगितलं नव्हतं. मिलिग्रॅमची बायको इस्पितळात परिचारिका होती, ती तीनला सुटायची. म्हणून दुपारी घरी थांबायला त्याने साठलेली अर्ध्या-अर्ध्या दिवसाची रजा काढायला सुरुवात केली होती.

चौथ्या दिवशी बायकोने आईची पाठ पुसताना हात थांबवला. मग बाहेर येऊन हळूच म्हणाली, "अहो, कमरेखाली लाल डाग आलाय. बोटाने दाबला तरी जात नाही. हे असंच चाललं तर पुढे काय होतं ते मी रोज वॉर्डात बघते. मला आईच्या बाबतीत बघायचं नाहीये."

"मी उद्या सोय करतो," मिलिग्रॅम म्हणाला.

सोय अगदी सोपी वाटत होती. पंपावर त्याची गरज लिहिली होती: आठ वॅट. छोट्याशा बॅटरीवरसुद्धा तो चालला असता. त्याने तसा कागद करून बायकोसमोर ठेवला.

"आणि फ्रिज?" ती म्हणाली. "आईची इंजेक्शनं फ्रिजमध्ये असतात. चार-चार तास बंद राहिला तर फेकून द्यावी लागतील."

बरोबर होतं. फ्रिज धरला. आतून आवाज आला, "पंखाही धरा. खाली गेल्यावर घाम फार येतो." तेही बरोबर होतं. मग बायकोला आठवलं की आईला पुसायचं तर पाणी लागतं, आणि नळाला दाब नसल्यामुळे घरातला पाण्याचा पंप चालवावा लागतो. आठाचे अकराशे झाले. दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराने सांगितलं की फ्रिज आणि पंप सुरू होताना क्षणभर तिप्पट वीज ओढतात, तेव्हा अकराशेचे साडेतीन हजार झाले. एवढ्याला बॅटऱ्या लावायच्या तर त्यांना एक अख्खी खोली लागेल, असंही तो म्हणाला. रिकामी होण्यासारखी खोली घरात एकच होती आणि तीत सासूबाई होत्या.

मिलिग्रॅमने सगळी आकडेमोड तीनदा तपासली. प्रत्येक पायरी बिनचूक होती. कुठे चूक सापडली असती तर त्याला फार बरं वाटलं असतं.

म्हणजे आता जनरेटर हवा होता. घरात वापरायचा म्हणून आवाज कमी हवा आणि वीज स्थिर हवी, म्हणजे इन्व्हर्टर जनरेटर. आणि तो हलवता येण्याजोगा हवा. पण बाजारात सरळ सल्ला मिळणं मिलिग्रॅमच्या नशिबी नव्हतं. पहिल्या दुकानाचं शटर तो पायरी चढेपर्यंत अर्धं खाली आलं. दुसऱ्या दुकानाचा मालक हात जोडून उभाच राहिला.

"पेट्रोलवरचा घेऊ का?"

"घ्या ना साहेब. उत्तम."

"पण पेट्रोल साठवलं तर शिळं होतं म्हणतात."

"होतं ना साहेब. फार लवकर होतं."

"मग गॅसवरचा?"

"गॅसवरच घ्या. मी तेच म्हणणार होतो."

"गॅसवर ताकद कमी पडते ना?"

"पडते ना. पडतेच," मालक म्हणाला, आणि त्याने खिळे-तारा जोखायच्या तराजूंवर घाईघाईने एक नजर फिरवली.

घरीही एकमत नव्हतं. पेट्रोल घरात ठेवायला बायकोचा विरोध. स्वयंपाकाचा सिलिंडर यंत्राला लावायला सासूबाईंचा विरोध, कारण मग चहा कशावर करणार. पाइपच्या गॅसवर चालणारा घ्यावा तर रस्त्याबरोबर एखाद दिवशी गॅसही बंद झाला तर काय, ही शंका मिलिग्रॅमला स्वतःलाच होती. दहा दिवस तो तिन्ही बाजूंनी विचार करत राहिला. त्या दहा दिवसांत सासूबाई रोज एकदा फळीला जाऊन आल्या. गादीही थकली असावी, कारण आता त्या पंचवीस मिनिटांतच टेकायला लागल्या होत्या.

अकराव्या दिवशी तिसऱ्या दुकानदाराने त्याला ते यंत्र दाखवलं. लालभडक, सुटकेसला असावा तसा दांडा आणि खाली दोन चाकं.

"तिन्हीवर चालतं, साहेब. पेट्रोल, सिलिंडर, पाइपचा गॅस. एक नसलं तर दुसरं, दुसरं नसलं तर तिसरं. अडायचा प्रश्नच येत नाही."

मिलिग्रॅमच्या छातीवरचं ओझं उतरलं. निर्णय घ्यायचा नाही आणि तरीही वस्तू मिळते, असं सुख त्याला आयुष्यात प्रथमच मिळत होतं. फक्त सवयीने त्याने यंत्र काट्यावर ठेवायला लावलं. पेटीवर सेहेचाळीस किलो लिहिलं होतं. भरलं सत्तेचाळीस किलो तीनशे ग्रॅम.

"जास्तच देतोय, साहेब," दुकानदार म्हणाला.

कमी भरलं असतं तर खटला भरता आला असता. जास्त भरलं तर काय करायचं, हे कायद्यात नव्हतं.

यंत्र दुपारी दीड वाजता घरी आलं. अर्थातच वीज नव्हती, त्यामुळे लिफ्टही नव्हती. दोन हमालांनी ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं. चाकं सपाट जमिनीवर सुरेख फिरत होती. जिन्यात मात्र त्यांच्यामुळे यंत्र सारखं आपणहून खाली यायला बघत होतं. ते गॅलरीत ठेवून हमाल गेले आणि पाचच मिनिटांत तळमजल्यावरचे बंबकाका धापा टाकत वर आले. बंबकाका अग्निशमन दलातून निवृत्त झाले होते आणि इमारतीत कुठे काडी ओढली तरी त्यांना कळायचं.

"हे इथे, गॅलरीत चालवणार?"

"हो."

"आणि सगळ्यांना संपवणार?"

त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि समजावून सांगितलं. याच्या धुरात जो वायू असतो तो दिसत नाही, त्याला वास नाही. तो खिडकीतून आत येतो, माणसाला गुंगी येते, आणि झोपलेला माणूस परत उठत नाही. असली माणसं त्यांनी स्वतः उचलून बाहेर काढली होती. "कुठल्याही दारा-खिडकीपासून सात मीटर लांब," ते म्हणाले. "एक इंचही कमी चालणार नाही."

मोजमापाच्या बाबतीत कुणी कडक बोललं की मिलिग्रॅमला आदर वाटायचा. यंत्र खाली न्यायचं ठरलं. हमाल गेलेले, बंबकाकांची पाठ दुखरी. वीज येऊन लिफ्ट सुरू होईपर्यंत थांबायला बंबकाका तयार नव्हते, म्हणून बायको आल्याआल्या नवरा-बायकोने मिळून ते एकेक पायरी उतरवलं.

दुसऱ्या मजल्यावर बायको कठड्याला टेकली. "याला हलवता येण्याजोगं म्हणतात?"

"हलवता येतं," मिलिग्रॅम म्हणाला. "नेता येत नाही."

ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तो आणि बंबकाका फीत घेऊन अंगणात फिरले. सगळ्या खिडक्यांपासून सात मीटर लांब अशी जागा अख्ख्या आवारात एकच निघाली, बरोबर मधोमध. तिथे खडूने गोल काढला. गोलापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत चाळीस मीटर वायर लागणार होती, आणि तीही जाड. ती मिळेपर्यंत दोन दिवस गेले. वायर आल्यावर कळलं की यंत्राबरोबर इंजिनाचं तेल येत नाही आणि तेलाशिवाय ते सुरूच होत नाही, नुसता तांबडा दिवा लावतं. त्यात आणखी एक दिवस गेला.

मग इंधन. पाइपच्या गॅसच्या कचेरीत त्याला अर्ज दिला गेला. अर्ज, मग पाहणी, मग मंजुरी, एकवीस दिवस. "आणि पाइप अंगणापर्यंत आणायचा तर रस्ता खणावा लागेल," तिथला कारकून म्हणाला.

"रस्ता खणलेलाच आहे."

"तो विजेवाल्यांनी खणलाय. त्यांच्या खड्ड्यात आम्हाला पाइप टाकता येत नाही. त्यांनी बुजवला की आम्ही खणू."

मिलिग्रॅमने अर्ज घडी घालून खिशात ठेवला. सरकारी नोकर असल्यामुळे त्याला हे ताबडतोब पटलं, आणि म्हणूनच अधिक वाईट वाटलं.

राहिला सिलिंडर. सासूबाईंची समजूत घालून, चहाचा थर्मास भरून ठेवून, त्याने सिलिंडर खाली नेला, यंत्रावरचा खटका गॅसवर फिरवला आणि नळी लावायला घेतली. नळी लागेना. नळीचं तोंड आणि सिलिंडरचं तोंड यांत दीड मिलिमीटरचा फरक होता. बंबकाका मागे वाळूची बादली घेऊन उभे होते. "जरा रेटून बघू का?" मिलिग्रॅमने विचारलं. बंबकाकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने नळी काढली. दीड मिलिमीटरसाठी त्याने आजवर कित्येकांना कोर्टात उभं केलं होतं. सिलिंडर पुन्हा खांद्यावर घेऊन तो तीन मजले चढला.

वर पोचला तेव्हा सासूबाई फळीवर होत्या आणि बायको त्यांच्या पाठीला मलम लावत होती.

"आज कातडी सोलवटली आहे," ती वर न बघता म्हणाली. "अहो, तुम्ही काहीच करत नाही असं मी म्हणत नाहीये. पण काहीच होत नाहीये."

मिलिग्रॅम जाऊन जिन्यात बसला. घरात वीज तयार करणारं यंत्र होतं, ते तीन इंधनांवर चालत होतं, आणि त्याच्याकडे तिन्हींपैकी एकही नव्हतं.  मग उठला आणि पेट्रोलच्या पंपावर गेला.

"डब्यात देता येत नाही, साहेब," पंपावरचा माणूस म्हणाला. तो मिलिग्रॅमला चांगला ओळखत होता, कारण पंपाचं माप दर वर्षी मिलिग्रॅमच तपासायचा. "नियम आहे. फक्त टाकीत देता येतं."

"यंत्राला टाकी आहे."

"मग यंत्र आणा."

मिलिग्रॅमने यंत्र आणलं. पंप अर्धा किलोमीटरवर होता आणि मधे उकरलेला रस्ता. खड्ड्यांवर टाकलेल्या फळ्यांवरून, चिखलातून, ओळखीच्या दुकानांसमोरून वजनमापे निरीक्षक सत्तेचाळीस किलो तीनशे ग्रॅम ओढत निघाला. ज्यांना त्याने दंड केला होता ते सगळे दारात आले. कुणी हसलं नाही. एकाने तर चाक अडकलं तेव्हा हात दिला, आणि त्याचंच मिलिग्रॅमला जास्त लागलं. पंपावर रांगेत त्याच्यापुढे एक स्कूटर होती आणि मागे एक ट्रक. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. मिलिग्रॅम आधीच अंगणात, खडूच्या गोलात उभा होता. टाकी भरलेली, तेल भरलेलं, वायर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आत गेलेली. बटन दाबून सुरू करायची सोय यंत्राला होती, पण तिची बॅटरी आधी विजेवर भरावी लागायची आणि ती भरायची राहूनच गेली होती. त्याने दोरी ओढली. यंत्राने घशातल्या घशात आवाज केला आणि गप्प झालं. त्याने पुन्हा ओढली.

दहाव्या ओढीला खिडक्या उघडल्या. विसाव्या ओढीला बंबकाका बादली खाली ठेवून बादलीवरच बसले. तिसाव्या ओढीला मिलिग्रॅमचा खांदा भरून आला. वर सासूबाई एव्हाना फळीला टेकल्या असणार, हे त्याला घड्याळ न बघता कळत होतं. कुणी म्हणालं, पेट्रोलच खराब असेल. कुणी म्हणालं, पंपाचं माप तपासायला हवं. अठ्ठेचाळीसाव्या ओढीनंतर त्याने दोरी सोडली आणि तो तिथेच खडूच्या गोलात खाली बसला. त्याला रडू येत नव्हतं. रडायला लागणारा जोरही दोरीत गेला होता.

"जावईबापू. खटका गॅसवर आहे. पेट्रोलवर करा."

आवाज करडा होता. या आवाजावर एके काळी नऊशे मुलं ओळीत उभी राहायची. मिलिग्रॅम वर न बघता उठला, खटका पेट्रोलवर फिरवला आणि दोरी ओढली. यंत्र पहिल्याच ओढीला सुरू झालं. मऊ, एकसारखा, मांजर गुरगुरल्यासारखा आवाज. खिडक्यांतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मग त्याला जाणवलं, की आवाज पलंगावरून आला असता तर खाली ऐकू आला नसता. त्याने मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत, दोन्ही हातांनी गज धरून, सासूबाई उभ्या होत्या.

बायको त्या दिवशी लवकर सुटून नुकतीच फाटकातून आत येत होती. तिने नवऱ्याच्या नजरेमागून वर पाहिलं, हातातली पिशवी तिथेच टाकली आणि ती जिन्याकडे धावली. मागून मिलिग्रॅम. तिसऱ्या मजल्यावर दोघं पोचली तेव्हा पंप चालू होता, पंखा फिरत होता, फ्रिज घुमत होता. गादी टम्म फुगली होती आणि तिच्यावर कुणीच नव्हतं.

"आई, उठलीस कशी तू?" बायकोने आईला मागून धरलं. "डॉक्टर महिनाभर उभं राहा म्हणून मागे लागले, तरी तू पाय खाली सोडला नाहीस."

"त्या फळीवर पडून राहण्यापेक्षा सोपं होतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे पाय थरथरत होते, पण आवाज नाही. "पडल्यापडल्या हाका मारल्या, यांना ऐकू जाईनात. फोन करावा तर चार्जिंग संपलेलं. मग काय करायचं? तुमचे हाल बघवत नव्हते, जावईबापू. म्हणजे ऐकवत नव्हते. बघायला नंतर मिळाले."

"पण खटक्याचं तुम्हाला कसं कळलं?"

"पुस्तिका माझ्या उशाशी टाकून गेला होतात. आठ दिवस दुसरं वाचायला काय होतं? भाषांतर फार वाईट आहे. मी पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवलंय."

बायको हसायला लागली आणि हसता हसता तिने तोंडाला पदर लावला. मिलिग्रॅमला काही बोलायचं होतं, पण खालून बंबकाकांनी हाक मारून विचारलं, "चालू ठेवायचंय का बंद करायचं?" आणि तिघांनीही रिकाम्या गादीकडे पाहिलं.

त्यानंतर सासूबाई रोज उभ्या राहिल्या, मग चालल्या. पाठीची जखम भरून आली. गादी परत गेली. गादीवाल्याने एका फोनवर माणूस पाठवला. इंजेक्शनंही थांबली. त्याच आठवड्यात विजेवाल्यांनी रस्ता बुजवला आणि वीज जायची बंद झाली. मिलिग्रॅमने दुकानदाराला यंत्र परत घेशील का म्हणून विचारलं. दुकानदाराने पावतीवरची सर्वांत खालची, सर्वांत बारीक ओळ त्याला वाचून दाखवली. अक्षराची उंची नियमात बसत होती. मिलिग्रॅमने मोजली.

विकायची जाहिरात दिली तेव्हा एकाचा फोन आला. किती वापरलंय, त्याने विचारलं.

"एकोणीस मिनिटं."

"मग विकताय का? काहीतरी बिघाड असणार," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

आता यंत्र जिन्याखाली असतं. पण पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर लिहिलं आहे, की महिन्यातून एकदा ते अर्धा तास भार देऊन चालवलंच पाहिजे, नाहीतर आतली बारीक छिद्रं पेट्रोलने बुजतात. सासूबाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आहेत. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मिलिग्रॅम यंत्र अंगणात मधोमध ओढून आणतो, शेजारी टेबल मांडतो आणि भार म्हणून इस्त्री लावतो. आधी घरातले कपडे होतात, मग बंबकाकांचे, मग आणखी कुणी कुणी दिलेले. सासूबाई खिडकीत उभ्या राहून लक्ष ठेवतात आणि कॉलरला घडी पडली तर वरून सांगतात.

त्या वेळी घरात वीज असते.